उतारावरच्या घराचं प्लॅनिंग या आर्किटेक्ट मॅडमकडून करून घेतलं, दोन पावसाळे काढून मग लिहितेय

घर झालं तेव्हापासून दादा मागे लागलाय की यांच्याबद्दल लिही, लोकांना उपयोग होईल, पण मी मुद्दाम थांबले, कारण कोकणातलं घर कसं झालंय ते जुलैत कळतं. आता २०२४ चा आणि २०२५ चा असे दोन पूर्ण पावसाळे आई-बाबा त्या घरात राहिलेत, म्हणून आता लिहिते. लांबलंय, पण ज्यांची जागा उतारावर आहे त्यांनी पूर्ण वाचा.

आमची जागा देवरुखपासून थोडी आत, आठ गुंठे. रस्ता पूर्वेला वरच्या अंगाला आणि तिथून जमीन पश्चिमेला पऱ्याकडे (ओढ्याकडे) उतरत जाते. रस्त्यापासून खालच्या बांधापर्यंत ९५ फूट आणि तेवढ्यात १४ फूट उतार, म्हणजे साधारण सात फुटाला एक फूट. बघायला फार वाटत नाही, गुरं आरामात चरायची तिथे, पण त्यावर घर ठेवायचं म्हटलं की तो एकेक फूट मोजावा लागतो हे आम्हाला आधी माहीतच नव्हतं.

मॅडमकडे यायच्या आधी आम्ही एक चूक करून बसलो होतो, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. २०२२ च्या सुरुवातीला ओळखीतून एक जण मिळाला, प्लॅन पण काढतो, परवानगी पण आणतो, बांधून पण देतो असं सगळं एकत्र. त्याने जागा दहा मिनिटं बघितली आणि आठवड्यात व्हॉट्सअॅपवर प्लॅन पाठवला, थ्रीडी फोटो सकट, खूप सुंदर, समोर हिरवळ वगैरे. त्या फोटोत जमीन सपाट होती! आम्ही विचारलं की उताराचं काय, तर म्हणाला, जेसीबी लावू दोन दिवस, वरून कापू खाली टाकू, सपाट होऊन जाईल. आम्हाला पटलं. मे महिन्यात जेसीबी लागला, वरच्या बाजूला जवळजवळ पाच फूट उभं कापलं, ती सगळी लाल माती खालच्या अर्ध्या भागात ओतून मैदान तयार केलं आणि भिंत पावसाळ्यानंतर बांधू म्हणून तसंच ठेवलं. जुलैत दोन दिवस सलग लागला आणि भराव बसला, मग फुटला आणि मातीचा चिखल होऊन खालच्या काकांच्या काजूत गेला. त्यांची पाच झाडं बुंध्याच्या वर हातभर मातीत गाडली गेली. काका एक शब्द वाईट बोलले नाहीत, नुसते फावडं घेऊन उभे होते, ते बघून बाबांना फार लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण पाण्याखाली गेलेलं आणि त्याच दिवशी महाडच्या तळियेवर दरड आलेली, त्यामुळे बाबा महिनाभर रात्री पाऊस वाढला की उठून बसायचे. आमची जागा काही कड्याखाली नाही, पण आपण स्वतः कापून ठेवलेली उभी माती घराच्या डोक्याशी आहे ही गोष्ट डोक्यातून जात नाही. (त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. डिझाइनचे दिलेले २५ हजार आणि जेसीबीचे पैसे गेले ते गेले.)

तर ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही मॅडमकडे आलो, एका नातेवाइकांनी सुचवलं म्हणून. पहिल्या फोनवर मी एरिया सांगायला लागले, दोन बेडरूम, हॉल, किचन, तर त्यांनी थांबवलं आणि विचारलं, पावसाचं पाणी तुमच्या जागेत कुठून येतं आणि कुठून जातं? मला सांगता येईना, बाबांनी फोन घेतला आणि पंधरा मिनिटं बोलत राहिले. वरच्या रस्त्याचं गटार कुठे फुटतं, आजोबांच्या वेळी चर कुठून होता, पऱ्या कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो, सगळं. त्या दिवशीच बाबा म्हणाले, ही बाई करील.

मग साइटवर आल्या, दसरा झाला होता तरी कापलेल्या भागातून पाणी पाझरत होतं. त्यांनी ते बोट लावून दाखवलं. वर जांभा, तो सच्छिद्र, पाणी आत घेतो, आणि त्याच्याखाली पांढरट गुलाबी चिकट मातीचा थर, त्यातून पाणी खाली जात नाही, मग ते दोन्हींच्या सांध्यातून आडवं बाहेर येतं. आम्ही बरोबर त्या सांध्याच्या खालपर्यंत कापलं होतं. एवढ्या वर्षात गावात राहून हे कोणी असं उकलून सांगितलं नव्हतं, विहीर खणणाऱ्यांना माहीत असतं पण घर बांधताना कोणी त्यांना विचारत नाही.

त्यानंतर सर्व्हे. टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून दीड दिवस मोजणी केली, अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या उंचीच्या रेघा असलेला नकाशा दिला, त्याचे ९ हजार वेगळे. हे पैसे देताना जीवावर आलं होतं, आता सांगते की सगळ्या खर्चात हे नऊ हजार सगळ्यात चांगले लागले. त्या नकाशावर झाडंसुद्धा होती, आमचा जुना रायवळ आंबा, दोन फणस, विहिरीचा कठडा, काकांच्या जागेतली विहीर पण. परवानगीच्या वेळीही उतार कागदावर दाखवायला तोच नकाशा कामी आला, कारण १:५ (पाच फुटाला एक फूट) पेक्षा उभा उतार असेल तर बांधकामाला परवानगी मिळत नाही, आपली जागा त्यापेक्षा सौम्य आहे हे त्यावरून सरळ दिसतं.

आता प्लॅन. इथे मला जास्त लिहायचंय, कारण खरं काम इथे झालं.

त्यांनी सांगितलं की उतारावर मुख्य तीन मार्ग. एक, जमीन सपाट करायची, त्याचं फळ आम्ही बघितलंच होतं. दुसरा, खांबांवर घर उचलायचं. भाऊजींचं तेच म्हणणं होतं, खाली पार्किंग होईल, माती हलवायला नको. पण मॅडमच्या स्ट्रक्चरल इंजिनियरनी कागदावर काढून दाखवलं की उतारावर वरच्या बाजूचे खांब आखूड होतात आणि खालचे लांब, भूकंपाचा धक्का आला की सगळा जोर त्या आखूड खांबांवर येतो आणि ते आधी तुटतात. आमच्याकडे हे नुसतं पुस्तकातलं नाही, कोयना डोंगरापलीकडे आहे, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट बाबांना अजून आठवते, तेव्हा ते लहान होते आणि आजी त्यांना गोधडीसकट उचलून खळ्यात आली होती. तिसरा मार्ग म्हणजे घरच पायऱ्या-पायऱ्यांनी जमिनीबरोबर उतरवायचं. बाबा म्हणाले, मग आमचं जुनं घर तसंच होतं की! खळं खाली, तीन पायऱ्या चढून ओटी, मग अजून एक पायरी माजघर, मागचं परसू सगळ्यात वर. मॅडमनी त्या जुन्या घराचं चित्र बाबांकडून कागदावर काढून घेतलं आणि तो कागद फाइलला लावला. आजोबांनी कुठला सर्व्हे केला नव्हता, पण कापणी कमीत कमी ठेवायची हे त्यांना कळत होतं.

पहिल्या स्केचमध्ये दोन पातळ्या होत्या. वर हॉल, ओटी आणि एक बेडरूम, पाच फूट खाली किचन आणि आई-बाबांची खोली, म्हणजे किचनचं दार खालच्या परसात उघडेल, आईला भाजीचं आवडतं म्हणून. कागदावर आम्हाला सगळ्यांना छान वाटलं, आईलाही. मॅडम म्हणाल्या फायनल नका करू, जमिनीवर बघू. एका शनिवारी मिस्त्रींना घेऊन आल्या, खुंट्या ठोकल्या, सुतळ्या बांधल्या, पाण्याच्या लेव्हल पाइपने दोन्ही पातळ्या काढल्या आणि चुन्याची फक्की टाकून खरोखरच्या मापाच्या खोल्या आखल्या. मग आईला एक प्लास्टिकची खुर्ची दिली आणि म्हणाल्या, आई, इथे तुमचं किचन, सकाळपासून काय काय करता ते करून दाखवा. आई आधी लाजली. मग बसली, उठली, चहा घेऊन वर ओटीवर बाबांना द्यायला निघाली, मातीत तात्पुरत्या कोरलेल्या दहा पायऱ्या चढली, परत आली, दार वाजलं म्हणून वर गेली, दूध घेऊन खाली आली, देवाला फुलं वाहायला परत वर. चौथ्या वेळी मधल्या पायरीवर गुडघ्याला हात लावून थांबली आणि म्हणाली, हे माझ्याच्याने दिवसातून चाळीस वेळा नाही व्हायचं. फक्की विस्कटली तिथेच. मला त्या क्षणी रडू आलं, कारण आम्ही दोघं भावंडं डोंबिवलीत बसून प्लॅनला हो म्हणून मोकळे झालो होतो.

नवीन प्लॅनमध्ये नियम एकच, आई-बाबांचं चोवीस तासांचं आयुष्य एका पातळीवर. वरची पातळी २६ फूट खोल आणि ३४ फूट रुंद, त्यात ओटी, देवघर, हॉल, किचन, त्यांची खोली आणि बाथरूम, कुठेही उंबरठ्याशिवाय चढ-उतार नाही. किचन आग्नेयेला आलं, देवघर ईशान्येला, त्यामुळे आईच्या मनातली एक मोठी काळजी मिटली, कारण पश्चिमेकडे उतरणारी जागा वाईट असं तिला चार जणांनी सांगून ठेवलं होतं. खालची पातळी पाच फूट खाली, सहा-सहा इंचाच्या दहा पायऱ्या, तिथे दोन बेडरूम आणि एक बाथरूम आमच्यासाठी आणि दादाच्या मुलांसाठी. म्हणजे आम्ही नसताना खालचं दार लावून टाकलं की आईला तेवढंच झाडायला कमी.

रस्त्यापासून ओटी दोन फूट खाली आहे. तिथे पायऱ्याच करणार होतो, पण मॅडमनी रँप घातला, एक फूट उतरायला बारा फूट लांबी या हिशोबाने २४ फूट, आंब्याला वळसा घालून. तेव्हा मला जागेची नासाडी वाटली होती. गेल्या नोव्हेंबरात बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हॉस्पिटलमधून आले ते वॉकर घेऊन त्याच रँपवरून आपले आपण घरात गेले. हाच हिशोब पाच फुटाला लावला तर साठ फूट रँप लागतो, म्हणून पातळी कुठे मोडायची ते आधी ठरवावं लागतं, घर झाल्यावर रँप बसवता येत नाही. किचन खाली असतं तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

पाया पूर्ण मूळ जमिनीवर, टप्प्याटप्प्याने. जेसीबीने टाकलेला भराव जिथे होता तिथे तो काढून खालचा कातळ लागेपर्यंत गेले. घर बसवायला नवीन कापणी कुठेही अडीच फुटाच्या वर नाही, आणि आधी उभं कापून ठेवलेलं होतं तिथे तीच काढलेली माती दाबून बसवून चिऱ्याचे गडगे (दगडी बांध) घातले. घराच्या खालच्या बाजूलाही दोन टप्पे केले, प्रत्येकी तीन फूट, भिंती सिमेंट न लावता जांभ्याच्या कोरड्या रचून, जरा आत डोंगराकडे झुकलेल्या, पाणी फटीतून निघून जातं त्यामुळे मागे साचून भिंत ढकलत नाही. कडेला वाळा लावलाय, त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. यावर्षी आईने तिथे सुरण, हळद आणि पडवळ केलं, तिचं परसू तिला मिळालंच, फक्त रोजच्या चुलीपासून थोडं लांब.

पाण्याचं सांगायलाच पाहिजे. घराच्या वरच्या अंगाला, रस्ता आणि ओटीच्या मध्ये, दगडी चर काढलाय, तो दोन्ही बाजूंनी वळून पऱ्याला जातो, म्हणजे वरचं पाणी घराला शिवतच नाही. छपराचं वेगळं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, १४५० चौरस फुटावर त्याचं चार लाख लिटर पाणी होतं, हा आकडा ऐकून आम्ही परत परत कॅल्क्युलेटरवर करून बघितला. एवढं पाणी पागोळ्यांमधून जोत्याशी पडत राहिलं तर काय होईल! म्हणून पन्हळी, कोपऱ्यावर साखळ्या, खाली दगड पेरलेली जागा आणि तिथून पाइपने खाली. कौलारू छपराची वळचण तीन फूट बाहेर काढलीय, पश्चिमेची झड भिंतीपर्यंत फारशी येत नाही. सेप्टिक टँक सगळ्यात खाली वायव्येला, दोन्ही बाथरूमचं पाणी नुसत्या उताराने जातं, पंप नाही, आणि त्याचा शोषखड्डा काकांच्या विहिरीपासून १८ मीटरच्या बाहेर ठेवलाय. आधीच्या माणसाने टँकरला सोपं पडावं म्हणून टँक रस्त्याला लागून दाखवली होती, घराच्या डोक्यावर.

जुलै २०२४ ला मी मुद्दाम चार दिवस सुट्टी काढून गेले. रात्री दोन वाजता धो धो लागला तेव्हा बॅटरी घेऊन बाहेर जाऊन बघितलं. चर काठोकाठ वाहत होता, पाणी लाल, पण कोरड्या भिंतींच्या फटीतून जे झिरपत होतं ते स्वच्छ होतं, म्हणजे माती जागेवर होती. बाबा झोपले होते, मला त्यांना उठवून दाखवायचं होतं, पण नाही उठवलं.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. पहिली आणि मोठी, ओल. वरच्या पातळीच्या जोत्यातली माती आणि खालच्या बेडरूमची पूर्वेची भिंत एकमेकींना टेकलेल्या आहेत, पाच फूट उंचीपर्यंत. तिथे मागे खडीचा थर, भोकं पाडलेला पाइप आणि वॉटरप्रूफिंग असं ड्रॉइंगमध्ये व्यवस्थित होतं, पण उत्तरेकडच्या चार फुटात कॉन्ट्रॅक्टरने खडी न टाकता माती ओतली आणि त्या आठवड्यात यांची साइट व्हिजिट झाली नाही. पहिल्याच पावसाळ्यात दादाच्या खोलीत कपाटामागे ओलीचा नकाशा उमटला. मॅडम कळवल्यावर तिसऱ्या दिवशी आल्या, चूक मान्य केली, डिसेंबरात उघडून दुरुस्ती उभ्या राहून करून घेतली आणि त्याची फी घेतली नाही, पण तोडफोड आणि मजुरीचा खर्च आमच्याच गळ्यात पडला. २०२५ ला भिंत कोरडी राहिली. तरी माझं स्पष्ट मत आहे की अशा घरात ही एक भिंत सगळ्यात नाजूक, ती भरताना यांनी स्वतः हजर राहायलाच पाहिजे होतं. तुम्ही काम देणार असाल तर हे लेखी घ्या.

दुसरं, हॉलमधून दरीचा देखावा गेला. खालच्या बेडरूमचं छप्पर हॉलच्या जमिनीपेक्षा पाच-सहा फूट वर येतं, त्यामुळे पश्चिमेला भिंतीच्या वरच्या भागातल्या झरोक्याच्या खिडक्याच आहेत, फक्त उत्तरेच्या टोकाला सहा फुटांची एक मोठी खिडकी मिळाली. झरोक्यांमुळे हवा फार सुंदर खेळते, मे महिन्यात दुपारीही पंखा एकवर पुरतो, संध्याकाळचं ऊन अंगावर येत नाही. पण सोफ्यावर बसून डोंगर दिसावा हे माझं स्वप्न होतं, ते त्या एका खिडकीपुरतं राहिलं. यांनी आधी सांगितलं होतं, मला तेव्हा चित्रावरून कळलं नाही. कार्डबोर्डचं छोटं मॉडेल करून दाखवलं असतं तर कळलं असतं, ते यांनी करायला सुरुवात करावी असं मनापासून वाटतं.

तिसरं, वेळ. सर्व्हेपासून फायनल ड्रॉइंग हातात यायला साडेचार महिने. मध्ये तीन आठवडे फोन उचलला गेला नाही, फक्त मेसेज. ज्यांना घाई आहे त्यांची चिडचिड होणार.

फी १४५० चौरस फुटाला ४५ रुपयांनी ६५,२५० झाली, त्यात आर्किटेक्चरल ड्रॉइंग आणि सहा व्हिजिट. त्यापुढची प्रत्येक व्हिजिट वेगळी, आम्हाला अकरा लागल्या. स्ट्रक्चरल इंजिनियर आणि परवानगीचं काम वेगळं. स्वस्त नाही. पण आधीच्या प्लॅनप्रमाणे गेलो असतो तर नुसती भराव धरायची उंच काँक्रीटची भिंतच त्याच्या कित्येक पट पडली असती, तिचं कोटेशन आमच्याकडे अजून आहे. आणि हो, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा रजिस्ट्रेशन नंबर यांनी पहिल्याच कागदावर छापलेला होता. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तो नंबर नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, हे आम्हाला पहिल्या वेळी माहीत असतं तर निदान विचारलं तरी असतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या ओलीच्या भिंतीचा कापला.

जाणार असाल तर सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन जा, आणि घरातलं जे सगळ्यात म्हातारं माणूस आहे त्याला बरोबर न्या, ऑफिसात जिना नाही. शक्य असेल तर पहिली साइट व्हिजिट जुलै-ऑगस्टमध्येच मागा. भर पावसात गमबूट घालून येतात, आमच्या शेजारच्या वाडीत यावर्षी आल्या होत्या, छत्री मिस्त्रींच्या हातात आणि या चरात उतरून काठीने पाण्याची खोली बघत होत्या.